टेनिस २०२५: सीझन संपला, पण रँकिंगचे प्रश्न काही संपेनात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर नोव्हेंबरला तेच ते प्रश्न येतात. या वर्षी जरा जास्तच आले कारण पंधरा दिवसांत नंबर वन दोनदा बदलला आणि शेवटची स्पर्धा (तुरिनची एटीपी फायनल्स: वर्षातले आठ जण, चार-चारचे दोन ग्रुप, मग सेमी आणि फायनल) जिंकणारा माणूस वर्षाअखेर नंबर दोनवर राहिला. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक चिकटवली की काम झालं. पुरुषांच्या रँकिंगवर जास्त लिहिलंय कारण खरा घोळ तिथेच होता. सगळे आकडे नोव्हेंबर २०२५ च्या शेवटचे आहेत.

सिनरने तुरिनची फायनल अल्काराझला हरवून जिंकली ना? मग नंबर वन अल्काराझ कसा?

कारण रँकिंग म्हणजे शेवटच्या मॅचचा निकाल नाही, मागच्या ५२ आठवड्यांची बेरीज आहे. १६ नोव्हेंबरला सिनर ७-६, ७-५ असा जिंकला, दुसऱ्या दिवशी सोमवारी यादी आली त्यात अल्काराझ १२,०५० आणि सिनर ११,५००. फरक ५५० पॉइंटचा. आणि खरं सांगायचं तर फायनल सुरू व्हायच्या आधीच हा विषय संपला होता, गुरुवारी रात्री अल्काराझने मुसेटीला हरवलं तेव्हाच. फायनलला दोघं उतरले ते ट्रॉफीसाठी, पैशांसाठी आणि एकमेकांची जिरवण्यासाठी, नंबर वनसाठी नाही.

थांबा थांबा, पण मधे सिनर नंबर वन झाला होता ना? मी बातमी वाचली होती.

झाला होता, बरोबर एक आठवडा. हा भाग नीट बघा, याच्यात सगळी सिस्टिम कळते.

ऑक्टोबरच्या शेवटी पॅरिस मास्टर्सच्या (मास्टर्स म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा) आधी अल्काराझचे ११,३४० होते आणि सिनरचे १०,५००. पॅरिसला अल्काराझ पहिल्याच मॅचमध्ये कॅमरून नॉरीकडून हरला. मागच्या वर्षी तिथे त्याने १०० पॉइंट कमावले होते ते गेले, आले फक्त १०, उरले ११,२५०. सिनर २०२४ ला पॅरिस खेळलाच नव्हता, त्यामुळे त्याचं जायचं काहीच नव्हतं, आणि त्याने स्पर्धा जिंकली म्हणजे हजार पॉइंट शुद्ध नफा. ३ नोव्हेंबरला सिनर ११,५००, अल्काराझ ११,२५०. सिनर नंबर वन.

आता गंमत. १० नोव्हेंबरला २०२४ च्या तुरिनचे पॉइंट गळले. मागच्या वर्षी सिनर तिथे एकही मॅच न हरता जिंकला होता म्हणून त्याचे पूर्ण १,५०० गेले, अल्काराझने एकच मॅच जिंकली होती म्हणून त्याचे फक्त २०० गेले. सिनर १०,०००, अल्काराझ ११,०५०. म्हणजे या वर्षीच्या तुरिनमध्ये सिनरने रॅकेट हातात घ्यायच्या आधीच त्याचा नंबर वन गेला. लोकं विचारतात "तो हरला कोणाकडून?" अरे कोणाकडूनच नाही, कॅलेंडरकडून हरला.

मग तुरिनमध्ये सिनर परत १,५०० घेऊन ११,५०० वर आला, आणि अल्काराझने ग्रुपच्या तिन्ही मॅच आणि सेमी जिंकून १,००० घेतले. झाले १२,०५०.

पॉइंट गळतात म्हणजे नक्की काय? डिफेंड करणं डिफेंड करणं म्हणतात ते हेच का?

हो. प्रत्येक पॉइंटला ५२ आठवड्यांची एक्स्पायरी असते. तुम्ही मागच्या वर्षी एखादी मास्टर्स जिंकलात तर या वर्षी त्याच आठवड्याच्या आसपास ते हजार पॉइंट जाणार, आणि त्या जागी या वर्षी जे कमवाल ते बसणार. परत जिंकलात तर जैसे थे, फायनल हरलात तर ६५०, म्हणजे ३५० चा खड्डा. कॉमेंटेटर म्हणतो ना "ही इज डिफेंडिंग थाउजंड पॉइंट्स", त्याचा अर्थ एवढाच की हे हजार जायच्या वाटेवर आहेत. वरून कोणी दंड लावत नाही. लोकांना हे शिक्षा वाटते, पण मागचं वर्ष चांगलं गेल्याचं एक वर्षभर खाऊन झालेलं असतं, हे विसरतात.

कुठल्या स्पर्धेला किती पॉइंट?

पुरुष सिंगल्स, विजेत्याला: ग्रँड स्लॅम २०००, मास्टर्स १०००, मग ५०० आणि २५०, नावातच लिहिलंय. रनरअपला स्लॅममध्ये १३००, मास्टर्समध्ये ६५०. तुरिनच्या फायनल्सचं वेगळं आहे, तिथे प्रत्येक ग्रुप मॅच जिंकली की २००, सेमी जिंकली की ४००, फायनल जिंकली की ५००. पाचही जिंकल्या तर १,५००. ग्रुपमध्ये एक हरून ट्रॉफी मिळाली तर १,३००.

म्हणजे जो जास्त स्पर्धा खेळेल त्याचं रँकिंग जास्त?

नाही नाही. २०२५ च्या नियमाने वरच्या खेळाडूंचे १९ निकालच धरतात: चार स्लॅम, आठ मास्टर्स ज्या सक्तीच्या आहेत (माँटे कार्लो सक्तीची नाही), आणि बाकीच्यातले सगळ्यात चांगले सात. फायनल्सला पात्र झालात तर ते विसावं, बोनस. त्यामुळे नुसतं गावोगाव खेळत फिरून काही होत नाही, २५० च्या वीस स्पर्धांत क्वार्टर गाठणाऱ्याला एक स्लॅम फायनल गाठणारा आरामात मागे टाकतो. उलट सक्तीची स्पर्धा चुकवली तर तिथे शून्य बसतं आणि ते शून्य १९ मध्ये मोजलं जातं. दुखापत झालेल्या पोरांचं म्हणून फार वाईट होतं.

रेस आणि रँकिंग यात फरक काय? दोन याद्या बघून डोकं फिरतं.

रेस म्हणजे १ जानेवारीला सगळे शून्यावर आणि फक्त या वर्षाचे पॉइंट. रँकिंग म्हणजे कायम मागचे ५२ आठवडे. जानेवारीत दोन्ही याद्या एकदम वेगळ्या दिसतात, सप्टेंबरपर्यंत जवळ येतात, आणि तुरिन संपलं की वरच्यांच्या बाबतीत जवळपास सारख्याच, कारण तेव्हा मागचे ५२ आठवडे म्हणजेच हे वर्ष. ड्रॉमध्ये सीडिंग (तगडे खेळाडू सुरुवातीलाच समोरासमोर येऊ नयेत म्हणून दिलेले नंबर) रँकिंगवरून ठरतं, तुरिनची आठ तिकिटं रेसवरून.

शरद ऋतूत कोण नंबर वन होणार याचा अंदाज करायचा असेल तर म्हणूनच रेस बघा. या वेळी ३ नोव्हेंबरला सिनर वर आला तेव्हा आपल्याकडे पण सगळीकडे "सिनर पुन्हा अव्वल" चालू झालं. रेसमध्ये अल्काराझ तेव्हाही पुढेच होता, हे कोणी लिहिलं नाही. सोमवारच्या यादीवरून हेडलाइन करायची घाई.

तुरिनला आठ जण कसे निवडतात? आणि मुसेटी हरून पण आत कसा आला?

रेसमधले पहिले सात सरळ. आठवी जागा त्या वर्षी स्लॅम जिंकलेल्या पण आठ ते वीसच्या मधे असलेल्या खेळाडूला, असा कोणी नसेल तर रेसमधल्या आठव्याला. या वर्षी चारही स्लॅम अल्काराझ आणि सिनरने वाटून घेतल्या (ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन सिनर, फ्रेंच आणि यूएस अल्काराझ) त्यामुळे तो नियम लागलाच नाही.

मुसेटीचा किस्सा भारी आहे. शेवटच्या आठवड्यात त्याला आत जायला अथेन्सची स्पर्धा जिंकायलाच लागणार होती. फायनलला समोर जोकोविच, तीन सेट, ४-६, ६-३, ७-५, जोकोविच जिंकला, त्याचं १०१ वं टायटल. मुसेटी बाहेर, ऑजे-अलियासिम आत. आणि लगेच जोकोविचने सांगितलं खांदा दुखतोय, तुरिनला येत नाही. झालं, मुसेटी आत. ज्याने हरवून बाहेर काढलं त्यानेच जागा करून दिली. अथेन्समधून तडक तुरिनला, विश्रांती नाही काही नाही.

ग्रुपमध्ये तिघांच्या एकेकच मॅच जिंकलेल्या होत्या, मग डी मिनॉरच सेमीला कसा?

हा प्रश्न त्या रात्री शंभर जणांनी विचारला असेल. अल्काराझ तिन्ही जिंकला, तो सोडा. उरलेल्या तिघांनी गोल गोल एकमेकांना हरवलं: फ्रिट्झने मुसेटीला, मुसेटीने डी मिनॉरला, डी मिनॉरने फ्रिट्झला. प्रत्येकी एक विजय, दोन पराभव. तिघांत टाय असेल तर आधी जिंकलेल्या सेटची टक्केवारी बघतात. डी मिनॉर सातातले तीन, फ्रिट्झ सातातले तीन, मुसेटी सातातले दोन. मुसेटी कटला. आता दोघंच उरले की टक्केवारी बंद, आपसातली मॅच कोण जिंकलं ते बघायचं, आणि ती त्याच दुपारी डी मिनॉरने जिंकली होती.

पण हे सगळं रात्री अल्काराझ मुसेटीला हरवेल या अटीवर. मुसेटी जिंकला असता तर तो स्वतःच दोन विजयांसह सेमीला. आणि वर आणखी एक: अल्काराझ ती मॅच हरला असता तर त्याचे ११,४५० राहिले असते, सिनर सगळं जिंकून ११,५०० पर्यंत जाऊ शकत होता, म्हणजे पन्नास पॉइंटसाठी नंबर वनची रेस पुढे चालू राहिली असती. सिनर आणि मुसेटी दोघंही इटलीचे, म्हणजे इटालियन पब्लिकसाठी मुसेटीचा विजय म्हणजे एका दगडात दोन पक्षी होते. ६-४, ६-१ असं संपलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजून गेलेला, तुरिनची रात्रीची सिंगल्स मॅच आपल्या वेळेने एकलाच सुरू होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ऑफिसला कोण डुलक्या काढत होतं त्यावरून टेनिसवाले ओळखता येत होते.

सिनरवर बंदी नसती तर तोच नंबर वन असता, बरोबर?

कोणालाच माहीत नाही आणि यावर भांडून काही निघत नाही, पण आकडे देतो. ९ फेब्रुवारी ते ४ मे तो डोपिंगच्या बंदीमुळे बाहेर होता, त्यात इंडियन वेल्स, मायामी, माँटे कार्लो आणि माद्रिद अशा चार मास्टर्स गेल्या. शेवटी कमी पडले ५५०. चारातल्या एखाद्या फायनलला गेला असता तरी भरून निघाले असते, असं म्हणणारे म्हणतात. दुसऱ्या बाजूने बघा, त्यातली माँटे कार्लो अल्काराझने जिंकली, आणि सिनर परत आल्यावर दोघांत वर्षभरात सहा फायनल झाल्या: रोम, फ्रेंच, विम्बल्डन, सिनसिनाटी, यूएस, तुरिन. चार अल्काराझ, दोन सिनर. अल्काराझची आठ टायटल, सिनरची सहा. माझं मत विचाराल तर यूएस ओपनची फायनल जो जिंकेल त्याचं वर्ष असं सप्टेंबरमध्येच दिसत होतं आणि तसंच झालं. बाकी फ्रेंच फायनलला तीन चॅम्पियनशिप पॉइंट (एक घेतला की ट्रॉफी) सिनरच्या हातात होते, साडेपाच तास चाललेली ती मॅच, त्यातला एक पॉइंट इकडचा तिकडे झाला असता तर १३०० चे २००० झाले असते आणि समोरच्याचे २००० चे १३००. मग बंदी असूनही तोच वर असता! त्यामुळे जर-तर करायचंच तर बंदीपेक्षा त्या तीन पॉइंटवर करा.

२०२५ अखेर बाकीचे कुठे होते?

लांब. झ्वेरेव तिसरा होता आणि त्याचे पॉइंट सिनरच्या निम्म्याहून कमी. चौथा जोकोविच, तेव्हा वय ३८. पाचवा ऑजे-अलियासिम, जो ऑगस्टमध्ये कोणाच्या खिजगणतीत नव्हता, यूएस ओपन सेमी आणि पॅरिस फायनल गाठून आला. मग फ्रिट्झ, डी मिनॉर, मुसेटी, शेल्टन आणि दहावा ड्रेपर.

ड्रेपर तर यूएस ओपननंतर खेळलाच नाही, तरी टॉप टेन?

मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकला होता, ते हजार तेव्हा जिवंत होते. मार्च २०२६ पर्यंत.

तो मोनॅकोचा कोण पोरगा शांघाय जिंकला, त्याचं काय झालं?

व्हालांतँ वाशेरो. ही या सीझनची सगळ्यात वेडी गोष्ट. रँकिंग २०४, क्वालिफाइंगमध्येसुद्धा (मेन ड्रॉत जायच्या पात्रता फेरीत) सरळ जागा नव्हती, कोणीतरी माघार घेतली म्हणून आत आला. क्वालिफाइंगच्या दोन धरून नऊ मॅच जिंकला, सेमीत जोकोविच, आणि फायनलला समोर चक्क त्याचा नात्यातला भाऊ आर्थर रिंडरक्नेश. ४-६, ६-३, ६-३. मास्टर्स जिंकणारा आजवरचा सगळ्यात खालच्या रँकिंगचा खेळाडू. सोमवारी २०४ वरून थेट ४० वर. एका आठवड्यात आयुष्य बदलणं म्हणजे काय ते, कारण ४० म्हणजे सगळ्या स्लॅममध्ये सरळ एंट्री, चॅलेंजर (२५० च्या खालच्या पातळीच्या स्पर्धा) खेळायची गरज नाही, प्रवासाचा खर्च परवडायला लागतो. ऑक्टोबर २०२६ मध्ये हे हजार पॉइंट जातील तेव्हा तो कुठे असेल ते बघायचंय मला.

बायकांच्या रँकिंगमध्ये काय झालं?

तिथे सस्पेन्स नव्हता. साबालेंका लागोपाठ दुसऱ्या वर्षी वर्षाअखेर नंबर वन, मग स्वियातेक, गॉफ, अनिसिमोवा आणि पाचवी रायबाकिना. मजा रियाधला, बायकांच्या वर्षाअखेरच्या फायनल्सला आली. रायबाकिना शेवटची जागा पकडून आत आली होती, निंगबो जिंकून आणि टोकियोत सेमी गाठून मिरा आंद्रेयेवाला मागे टाकलं तेव्हा कुठे तिकीट मिळालं, आणि तिथे जाऊन पाचही मॅच जिंकली, फायनलला साबालेंका ६-३, ७-६, टायब्रेक ७-०. सात-शून्य! नंबर वनच्या विरुद्ध. बक्षीस ५२ लाख ३५ हजार डॉलर. सिनरला तुरिनला ५० लाख ७१ हजार मिळाले, म्हणजे बाईंना जास्त, हे मुद्दाम सांगतोय कारण दरवर्षी "बायकांना कमी पैसे" वाला एकजण येतोच.

डेव्हिस कपचे पॉइंट मिळतात का? आणि ते जेद्दाचं नेक्स्ट जेन (तरुण खेळाडूंची वर्षाअखेरची स्पर्धा)?

दोन्हीचे नाही. बोलोन्याला इटलीने स्पेनला हरवून लागोपाठ तिसरा डेव्हिस कप नेला, सिनर आणि मुसेटीशिवाय, बेरेटिनी आणि कोबोलीच्या जोरावर. स्पेनचा अल्काराझ पण मांडीच्या दुखापतीने नव्हता. रँकिंगवर शून्य परिणाम.

आपल्या लोकांचं काय? आणि पुण्याचं?

सिंगल्समध्ये चित्र फार काही चांगलं नाही. सुमित नागल २०२४ च्या जुलैमध्ये ६८ वर होता, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफायर म्हणून येऊन बुब्लिकला हरवलेलं. चेन्नईचं चॅलेंजर, मग जर्मनीत हाइलब्रॉनचं, असे पॉइंट होते. २०२५ मध्ये ते एकेक करून गळले, त्या जागी तेवढे आले नाहीत, आणि तो दोनशेच्या बाहेर गेला. वर सिनरला जे एका सोमवारी झालं तेच नागलला महिनोन्‌महिने झालं, फक्त सिनर त्याने नंबर दोनवर जातो आणि नागल स्लॅमच्या मेन ड्रॉमधून बाहेर.

डबल्समध्ये रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबरला निवृत्ती जाहीर केली, पॅरिसला बुब्लिकबरोबर खेळला ती शेवटची. ४३ व्या वर्षी डबल्सचा नंबर वन झालेला माणूस. युकी भांब्री या वर्षी यूएस ओपनच्या सेमीला गेला मायकेल व्हीनसबरोबर.

पुण्याचा अर्जुन कढे बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी २५० जिंकला, डबल्समध्ये टीमला जे पॉइंट मिळतात ते दोघांनाही पूर्ण मिळतात, अर्धे अर्धे नाही, म्हणजे २५०. आणि बरोबर वर्षाने गळले. त्या लेव्हलला २५० म्हणजे फार मोठा हिस्सा असतो. बालेवाडीची एटीपी २५० स्पर्धा २०२३ नंतर गेलीच, आता फेब्रुवारीत चॅलेंजर होतं तिथे. लोकं नाकं मुरडतात चॅलेंजर म्हणून, पण आपल्या पोरांना पॉइंट तिथेच मिळतात, घरच्या कोर्टवर, विमानाचं तिकीट न काढता. २५० च्या वेळी वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेली थेट एंट्री) एक राउंड खेळून घरी जायचे.

सीझन संपला म्हणता, मग नोव्हेंबरच्या शेवटी पण चॅलेंजर का चालू असतात?

टॉप आठसाठी संपला. १०० ते २५० मधल्यांसाठी हाच सगळ्यात जीवघेणा महिना. स्लॅमच्या १२८ च्या ड्रॉमध्ये साधारण १०४ जण रँकिंगवर सरळ जातात, बाकी १६ क्वालिफायर आणि ८ वाइल्ड कार्ड, आणि ऑस्ट्रेलियन ओपनची यादी सहा आठवडे आधीच्या रँकिंगवर लागते, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला. २०२५ ला तिथे पहिला राउंड हरणाऱ्यालासुद्धा १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. ११० वर असलेल्या माणसाला वर्षभराचा कोच, फिजिओ, प्रवास त्यातून निघतो. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्यातरी इनडोअर हॉलमध्ये पन्नास प्रेक्षकांसमोर दोन पोरं जीव काढून खेळताना दिसली तर त्याचं कारण हे.

लाइव्ह रँकिंग (मॅचगणिक बदलत जाणारी यादी) खरं धरायचं का?

गणित बरोबर असतं, पण अधिकृत नाही. अधिकृत यादी सोमवारी, आणि स्लॅम किंवा दोन आठवड्यांची मास्टर्स चालू असेल तर ती संपल्यावरच.

२०२६ मध्ये आधी कोण घसरणार? (नोव्हेंबर २०२५ चं गणित)

ऑस्ट्रेलियन ओपनची सुरुवात १८ जानेवारी २०२६ ला. सिनरचे २००० पणाला आहेत, तो जास्तीत जास्त आहे तिथेच राहील, एक पॉइंट वाढणार नाही. अल्काराझचे फक्त ४००, क्वार्टरला जोकोविचकडून हरला होता. म्हणजे जानेवारीत अल्काराझला सगळा फायदा. पण त्यानंतर उलटं होतं. फेब्रुवारी ते एप्रिल सिनर बंदीमुळे खेळलाच नव्हता, त्यामुळे त्या तीन महिन्यांत त्याचं जायला काहीच नाही, जे मिळेल ते वर. अल्काराझचे मात्र रॉटरडॅमचे ५००, इंडियन वेल्स सेमीचे ४००, माँटे कार्लोचे १०००, बार्सिलोना फायनलचे ३३०, सगळे एकामागोमाग जाणार. तेव्हा एप्रिलमध्ये अल्काराझ दोन-तीन स्पर्धा जिंकूनही त्याचे पॉइंट वाढलेले दिसले नाहीत तर इथे येऊन "रँकिंगमध्ये घोटाळा आहे" लिहू नका प्लीज, आधी वरचा तिसरा प्रश्न वाचा.